कुंडीतलं हे तण घोळ आहे का? भाजी करता येईल?

गच्चीबाग: टोमॅटोच्या कुंड्यांत मातीला चिकटून पसरणारं तण आलंय. देठ लालसर. एका कुंडीत पानं जाड आहेत, दुसरीत पातळ. दोन्ही घोळच का? आणि उपटूनही पुन्हा पुन्हा का येतं?

रानमाठ: पातळ पानांचं बहुतेक नायटी असणार, तिलाच दुधी म्हणतात. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला की ती खायची नाही, यात सूट नाही. तो चीक डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. घोळीचा देठ मोडला की नुसतं पाणी येतं.
घोळीचं पान टोकाला रुंद, देठाकडे निमुळतं. चिमटीत दाबलं की रसरशीत लागतं. देठ गुळगुळीत, फूल पिवळं. नायटीच्या देठावर लव असते, पानाच्या कडेला बारीक दाते आणि बऱ्याचदा मधोमध तांबूस डाग. दोन्ही एकमेकींत गुंतून वाढतात, म्हणून एक फांदी तपासून जुडी बांधू नका. प्रत्येक फांदी मोडून बघा.

चिवळभाकर: पानं तांदळाएवढी, समोरासमोर आणि पेरापाशी पांढरे केस असतील तर ती चिवळ. तीही खातात. माती फार धरते, चार पाण्यांतून धुवा.

परसदार: भाजीसाठी फुलं यायच्या आतले चार बोटं लांबीचे शेंडे घ्या. पाव किलो घोळीला पाव वाटी मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला सात-आठ पाकळ्या लसूण, दोन हिरव्या मिरच्या. आधी डाळ परतून झाकणावर पाणी ठेवून पाच मिनिटं वाफवा, मग चिरलेली घोळ. कढईत वरून पाणी घालू नका, घोळीलाच भरपूर सुटतं. मीठ शेवटी, कारण भाजी शिजून मूठभर होते आणि आधीचा अंदाज हमखास चुकतो.
सकाळी खुडलेली जास्त आंबट लागते. पाण्याचा ताण असला की घोळ रात्री पानांत आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात वापरते. आंबटपणा नको असेल तर संध्याकाळी खुडा. हिच्यात ऑक्झलेट बरंच असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी.
पुन्हा येण्याचं कारण: उपटून कुंडीतच टाकलेल्या फांद्यांना पेरापाशी परत मुळं फुटतात. खुरप्याने तुकडे केले तर प्रत्येक तुकडा नवं रोप. फुलावर आलेली उपटली तरी बोंडात बी पिकतं, मग बोंडाची टोपी निघून काळं बी सांडतं. तशी घोळ कंपोस्टमध्येही टाकू नका.

गच्चीबाग: जाड पानांतून पाणीच आलं, म्हणजे घोळ. पण आठ दिवसांपूर्वी टोमॅटोवर कीटकनाशक मारलंय.

रानमाठ: मग ही खाऊ नका. बाटलीवर थांबायचे दिवस लिहिलेले असतात ते टोमॅटोच्या फळासाठी. खाली पसरलेल्या पालेभाजीला ते लागू नाहीत. सगळी उपटा. फवारणी न झालेल्या जागची एखादी फांदी लांब, वेगळ्या कुंडीत खोचा, तिला फुटणारे नवे शेंडे खा.