वर्गात ओटीटीवरचा सिनेमा दाखवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. शहाद्याकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. एस.वाय.च्या साठेक मुलांना कादंबरीवरून निघालेला एक मराठी सिनेमा अख्खा दाखवायचा आहे. तुकडे दाखवून भागणार नाही, कारण सिनेमात शेवट बदललाय आणि तोच शिकवायचाय.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ वाचलंय. शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील तर सिनेमा दाखवणं उल्लंघन ठरत नाही. तेव्हा 'शिक्षणासाठी आहे ना, मग चालतं' एवढंच सांगू नका, तिथवर मी पोचलेय. ६० वर्षं उलटून हक्क संपलेला जुना सिनेमा घ्या, हेही नको. हा २०१० नंतरचा आहे.

घोडं अडलंय ते वेगळीकडेच. डीव्हीडी नंदुरबार, धुळे, जळगाव कुठेच मिळाली नाही. सिनेमा एकाच ओटीटीवर आहे आणि त्यांच्या अटींत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलंय. निर्मात्यांना ईमेल करून तीन आठवडे झाले, उत्तर नाही. एक सहकारी पेनड्राइव्हवर 'आणून देतो' म्हणतात (हॉलमध्ये रेंज नसते, हे त्यांचं खरं), पण चोरीची कॉपी मला नकोच. तिकीट नाही, बाहेरचं कोणी नाही.

माझ्या स्वतःच्या खात्यावरून प्रोजेक्टरवर लावला, तर कलम ५२ ची सूट ओटीटीच्या अटींपुढे टिकते, की तो वेगळा करारभंग होतो? आणि कोणी कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी परवानगी मिळवली असेल, तर अर्ज निर्मात्याकडे केला होता की ओटीटीकडे?