ते नियम आपोआप गेले नाहीत

काही जण म्हणतात की भारतीय परराष्ट्र सेवेतले स्त्रियांविरुद्धचे नियम काळाच्या ओघात गळून पडले. मला हे अजिबात पटत नाही. सी. बी. मुथम्मांचं नाव इथे यायलाच हवं. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या विराजपेठच्या मुथम्मा १९४९ च्या तुकडीच्या, या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी. पुढे हंगेरी, घाना, नेदरलँड्स इथे राजदूत.

नियम काय होते ते बघा: लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. पुरुषांना यातलं काहीच लागू नव्हतं! बढती नाकारली तेव्हा मुथम्मा थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेही नोकरीत असताना. प्रकरण चालू असतानाच सरकारने बढती दिली, म्हणून १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली. पण न्या. कृष्ण अय्यरांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले आणि मुथम्मांच्या सेवाज्येष्ठतेचा फेरविचार करायला सांगितलं. स्त्रियांविरुद्धचा आणखी एक नियम तोवर रद्द झाला होता, हे नियमही काढू असं सरकारने कोर्टात सांगितलं. हे श्रेय काळाला कसं देता येईल?

मुथम्मा निःशस्त्रीकरणावरच्या पाल्मे आयोगावरही (स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगावर) होत्या. त्यांच्या त्या कामावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.