विषय: थ्रीडी कॅमकॉर्डर कोकणात न्यायचा तर

मंडळी,
मंडळासाठी सोनीचा टीडी१०, २०११चं मॉडेल, जुन्यात मिळतोय. शिमग्याला गुहागरकडची पालखी आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला थ्रीडीत घ्यायचा विचार आहे. घ्यावा का?
– कार्यक्रम समिती

ताई, पालखीसाठी घ्या, किल्ल्यासाठी नको.
आपल्या डोळ्यांत साधारण ६३ मिमी अंतर असतं. यातल्या दोन भिंगांत ३१च्या आसपास. त्यामुळे खोली दिसते ती एक ते पाच-सहा मीटरपर्यंत. खळ्यात नाचणारी पालखी, ढोलवाले, गुलाल इथे मजा आहे. जेटीवरून किल्ला मात्र सपाट येणार, आणि झूम केलात तर माणसंही पुठ्ठ्याची कापून उभी केल्यासारखी. किल्ला हवाच असेल तर दोन मीटरवर होडीची नाळ (पुढचं टोक) किंवा दोरखंड फ्रेममध्ये ठेवा. पण जवळची वस्तू चौकटीच्या कडेला अर्धी कापली जाऊ देऊ नका, डोळे ठणकतात. एक मीटरच्या आत काहीच नको. कॅमेरा आडवा तो आडवाच. तिरका धरला की थ्रीडी संपलं.

घेण्याआधी दोन्ही भिंगांतून टॉर्च मारून बुरशी बघा. मग खिडकीच्या गजांचं चित्रण करून डावं-उजवं शेजारी लावा. एकच आडवा गज दोन्हीकडे वेगळ्या उंचीवर आला तर कॅमेरा कधीतरी पडलाय. सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी.
– मालवणकर

यात खाऱ्या वाऱ्याची भर. एकाच भिंगावर तुषार उडाला तरी दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसतात, म्हणून पुसायची ती दोन्ही. दुपारच्या समुद्राची चमकही दोन्ही भिंगांत वेगवेगळी पडते आणि पाणी नुसतं लुकलुकतं. सकाळी, ऊन पाठीशी घेऊन घ्या. एसी खोलीतून बाहेर काढताना अर्धा तास बॅगेतच राहू दे, नाहीतर आत दव धरतं.

अमेरिकेतून आलेला कॅमेरा असेल तर तो ६०आय असतो, म्हणजे सेकंदाला ६० अर्धी चित्रं घेतो; भारतातली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. रात्री मांडवात ट्यूबलाइट फडफडताना दिसेल. शटर हाताने लावता येत असेल तर १/१०० ठेवा. मात्र अंधारात या छोट्या सेन्सरवर दाणे येतात, आणि डाव्या-उजव्या चित्रात ते जुळत नाहीत. उजेड वाढवता आला तर आधी तो वाढवा.
– दापोलीकर

जागेचा हिशोब: थ्रीडीत २८ एमबीपीएस (सेकंदाला २८ मेगाबिट), म्हणजे तासाला साडेबारा जीबीच्या वर. आतल्या ६४ जीबीत पाचेक तास. कॉपी करताना अख्खं फोल्डर उचला. साध्या एडिटरमधून फाइल काढलीत तर दुसऱ्या डोळ्याचं चित्र गळतं, आणि ते नंतर कळतं. साइड-बाय-साइड (डावं-उजवं चित्र एकाच चौकटीत शेजारी) करून ठेवलीत की व्हीआर चष्म्यात चालते. थ्रीडी टीव्ही आता नवे मिळत नाहीत. मूळ फाइल पुसू नका.
– मुरूडकर