इन्स्टाग्राम एवढं झपाट्याने वाढलं ते नक्की कशामुळे?

निळी_शाई:
२०१० मध्ये आलं आणि एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने १ अब्ज डॉलरला घेतो म्हणून जाहीर पण केलं, तेव्हा टीम १३ जणांची! फोटो टाकायची सोय तर फेसबुक, फ्लिकरवर आधीपासून होतीच ना, मग लोक इकडे का वळले? नुसत्या फिल्टरमुळे हे मला पटत नाही.

उंबरठा:
मुळात ते फोटोचं अ‍ॅप नव्हतंच. इन्स्टाग्राम काढणाऱ्या केविन सिस्ट्रॉमने आधी बर्बन नावाचं अ‍ॅप केलेलं, त्यात चेक-इन करा (म्हणजे कुठे आहात ते सांगा), पुढचे प्लॅन टाका, पॉइंट मिळवा, फोटो जोडा, सगळं एकातच कोंबलेलं. मग माईक क्रीगर येऊन मिळाला आणि दोघांच्या लक्षात आलं की लोक बाकी कशाला फारसा हात लावत नाहीत, फोटो मात्र टाकतात. झालं, फोटो-कमेंट-लाईक ठेवलं आणि बाकी सगळं उडवलं. स्वतः खपून केलेलं काम असं काढून टाकायला छाती लागते, माझ्या मते खरी गोष्ट हीच. ६ ऑक्टोबर २०१० ला आयफोनवर आलं, पहिल्याच दिवशी २५ हजार लोक आणि वर्ष संपायच्या आत १० लाख.

रात्रपाळी:
उंबरठा +१, पण फिल्टरला इतकं कमी लेखू नका. तेव्हाचे फोनचे कॅमेरे आठवा, घरात ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हमखास गढूळ यायचा, त्यावर एक्स-प्रो टू नावाचा फिल्टर मारला की कडा काळपट, रंग गडद आणि तोच फोटो मुद्दाम तसा काढल्यासारखा दिसायचा. आणि अपलोडचं कुणी बोलतच नाही! नेट स्लो असायचं म्हणून तुम्ही कॅप्शन टाइप करत असतानाच अ‍ॅप मागच्या मागे फोटो चढवायला घ्यायचं, शेअर दाबेपर्यंत बरंचसं काम उरकलेलं. क्रीगरने हे स्वतः सांगितलंय. असल्या बारीक गोष्टींनीच माणूस परत परत येतो.

निळी_शाई:
अपलोडचं माहीतच नव्हतं, भारी! पण मग अँड्रॉइडवाल्यांना इतकी वाट का बघायला लावली?

उंबरठा:
माणसंच मोजकी, त्यात आयफोनवरची गर्दी सांभाळता सांभाळता सर्व्हर टेकीला यायचे. शेवटी ३ एप्रिल २०१२ ला अँड्रॉइडवर आलं, एका दिवसाच्या आत १० लाखांवर डाउनलोड, आणि ९ तारखेला फेसबुकची घोषणा. तेव्हा युजर ३ कोटींच्या आसपास होते. पुढची वाढ मात्र वेगळ्या जातीची आहे, २०१६ च्या स्टोरीज सरळ स्नॅपचॅटवरून घेतलेल्या, सिस्ट्रॉमनेही ते श्रेय त्यांना दिलं होतं, आणि २०१८ मध्ये सिस्ट्रॉम, क्रीगर दोघंही कंपनीतून बाहेर पडले. रील्स त्यानंतरचे, २०२० चे.