आत जाऊन आलेले, त्यांची माणसं आणि वाटेवरची पोरं

शिक्षा भोगून आल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं? बिघडू पाहणाऱ्या पोरांसोबत कोणी काम करतंय का? नाव नको, गुन्हाही सांगायलाच हवा असं नाही. लिहा.

रंधा
साडेनऊ वर्षं येरवडा. सुतारकाम तिथल्याच कारखान्यात शिकलो. सुटल्यावर वाटलं, हातात कसब आहे, काम मिळेल. चौथ्या ठिकाणी शेठ म्हणाला, "काम झकास आहे रे, पण गिऱ्हाइकाच्या घरात तुला कसा पाठवू?" त्याचंही चुकलं नाही म्हणा. आत संध्याकाळी बंदी व्हायची. मोजणी, मग बरॅकीला कुलूप. बाहेर येऊनही कितीतरी महिने दिवेलागणीला पाय आपोआप घरात वळायचे. बहिणीने संध्याकाळी भाजी सांगितली तर मी सकाळी आणायचो.

आता हडपसरला गाळा आहे. वस्तीतली पोरं येऊन बसतात. एकाने विचारलं, "काका, आत मर्डरवाल्याला मान असतो ना?" म्हटलं, "टमरेल घेऊन रांगेत तोही उभा असतो."

तोच एकदा पेपरात गुंडाळून कोयता घेऊन आला. मूठ हलत होती, नवी हवी होती. मी काही बोललो नाही. ठेव म्हटलं, शनिवारी ये. शनिवारी त्याच्या आईलाही बोलावलं. बीडकडची बाई, दर हंगामात ऊसतोडीला जाते. पातं बघून म्हणाली, "अगं बया, हा माझाच की! सगळं घर पालथं घातलं याच्यापायी." बाभळीची मूठ बसवून कोयता तिच्या हातात दिला. पोराला पटाशीची मूठ करायला बसवलं. पहिल्या तीन फुटल्या.

निवृत्त परिविक्षा अधिकारी
रंधा, त्या पोराला एक सांगाच. "अठराच्या आत काही होत नाही" हे मोठे भाई पोरांच्या डोक्यात भरवतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा पूर्ण झालेल्यावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर प्रौढासारखा खटला चालू शकतो. बाकीच्या पोरांना मात्र कलम २४ चा आधार आहे. दोष सिद्ध झाला तरी तो पुढे नोकरीच्या आड येत नाही. आईबापांना हे माहीतच नसतं, मग ते पोराची शाळाच सोडवतात.

दोन लेकरांची आई
शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून सात वर्षं "विणकर" लिहिलं. खोटं नव्हतं, आत सतरंज्याच विणत होते. ते आले तेव्हा धाकट्याने त्यांना "काका" म्हणून हाक मारली. एवढंच लिहवतंय.

आटपाडीकर
आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली काढलेली कैद्यांची खुली वसाहत. शेती करतात, बायकापोरंही सोबत राहतात. वरच्या ताईंचं वाचून तेच आठवलं.

रंधा, तुम्हाला पैसे कोण देतं?

रंधा
कोणी नाही. सहा ते नऊ गाळा उघडा ठेवतो, चहा माझा. पोरं बिघडतात ती त्याच वेळात. साहेब, निरोप देतो, पण तो पंधरा दिवस फिरकलेला नाही. चौथी मूठ अर्धी झालीय. टेबलावरच आहे, हलवली नाही.