डिस्चार्जनंतरचं काम

व्यसनी माणसाला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, अंगातली नशा उतरली, की पुढे सगळं त्याच्या इच्छाशक्तीवर, असं अनेकांना वाटतं. दारूच्या बाबतीतही मला हे पटत नाही, पण गर्द, म्हणजे ब्राउन शुगर (हेरॉइन) घेणाऱ्यांच्या बाबतीत हा समज जीवघेणा आहे. महिनाभर गर्दपासून लांब राहिलं की शरीराची तेवढी मात्रा झेलायची सहनशक्ती उतरते. घरी आल्यावर पाय घसरला आणि त्याने जुन्याच मापाने घेतलं, तर श्वास मंदावत जाऊन तो दगावू शकतो. केस मॅनेजर म्हणून मी हे डिस्चार्जच्या आधीच घरच्यांना समोर बसवून सांगते. एखादी आई चिडते, "ताई, असं अभद्र कशाला बोलता?" तरीही सांगते, कारण पुन्हा घेतलंच तर तो एकटा नसावा, आणि घरच्यांनी आरडाओरडा न करता लगेच १०८ला फोन करावा, हे त्यांना माहीत असायला हवं.

सुईने अशी नशा करणाऱ्यांसाठी नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) ओएसटी केंद्रं आहेत; ओएसटी म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणं. तिथे ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी समोर बसवून जिभेखाली देतात, तीही फुकट. पण त्यासाठी सहसा रोज जावं लागतं. सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा माणूस केंद्र उघडायची वाट बघत बसला, तर त्या दिवसाची मजुरी गेली. असे काही खाडे झाले की तो गोळीच सोडतो, आणि लोक इच्छाशक्तीला बोल लावतात. अशा वेळी त्याला विचारून, आजाराचं नाव न काढता, मुकादमाकडून तासभर उशिरा यायची सवलत मागून घ्यावी लागते.