मदत हवी आहे: संगणकावर नीट सापडणारे स्पाइक बोर्डावर दुप्पट का होतात?

अर्धाकोन

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे डोकं आपटून झालं, आता जाणकारांना शरण.

एम.टेक.चा प्रकल्प आहे. मेंदूत बसवायच्या चिपसाठी चेतापेशींचे स्पाइक जागच्या जागी, लगेच ओळखणारा ब्लॉक एफपीजीए बोर्डावर (हवं ते सर्किट घडवता येणाऱ्या चिपचा बोर्ड) करायचाय. खरा मेंदू, शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. नोंदी खुल्या संग्रहातल्या आहेत: माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधला (मेंदूचा हालचाली घडवणारा भाग) युटा अ‍ॅरे, ९६ चॅनल, प्रत्येकी सेकंदाला ३०,००० नमुने.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: युटा अ‍ॅरे म्हणजे ४ मिमी बाय ४ मिमीचा सिलिकॉनचा ब्रश, त्यातल्या सुया एकमेकींपासून ०.४ मिमीवर. सुईच्या टोकाजवळची एखादी पेशी फायर झाली की व्होल्टेजमध्ये खाली जाणारी एक खाच पडते. जेमतेम मिलिसेकंदभर टिकते, आणि खोली असते काही दशक ते काही शे मायक्रोव्होल्ट. ती खाच म्हणजे स्पाइक. बाकीचा गोंगाट.

हे चिपवरच का करायचं? हिशेब सोपा आहे. ९६ × ३०,००० × १६ बिट म्हणजे सेकंदाला ४६ मेगाबिट. एवढं सगळं कवटीखालून बिनतारी बाहेर पाठवायचं तर बॅटरी संपते आणि चिप तापते. आजूबाजूची ऊती साधारण एका अंशापेक्षा जास्त तापू नये, असा दंडक धरून लोक डिझाइन करतात. त्यापेक्षा दर २० मिलिसेकंदांनी "या चॅनलवर इतके स्पाइक" एवढाच आकडा पाठवला तर चॅनलमागे ४ बिट पुरतात, सगळे मिळून १९ किलोबिट. हे ब्लूटूथवरूनही आरामात जाईल.

आता रडगाणं.

पायथनमध्ये ३०० ते ६००० हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर (फक्त तेवढ्याच कंप्रता जाऊ देणारा) लावला, कियान किरोगा यांच्या २००४च्या सूत्राने थ्रेशोल्ड (जो ओलांडला की स्पाइक धरायचा) काढला (नमुन्यांच्या निरपेक्ष मूल्यांचा मध्यक, भागिले ०.६७४५, गुणिले ४), झकास निकाल आला. तेच बोर्डावर उतरवलं. फरक दोनच: गणित १६ बिट फिक्स्ड पॉइंटमध्ये (अपूर्णांकासाठी ठरावीकच बिट), आणि मध्यकासाठी हार्डवेअरमध्ये सॉर्टिंग परवडेना म्हणून थ्रेशोल्ड चालत्या आरएमएसच्या (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ४.५ पट. खाली-वर दोन्ही बाजूंना तपासते. एक स्पाइक सापडला की पुढचा अर्धा मिलिसेकंद डोळे मिटते.

लक्षणं अशी:

चॅनल ४१वर एक दणकट पेशी आहे. तिचे स्पाइक बोर्ड जवळपास दुप्पट मोजतो.

चॅनल ७वर उलटं. पेशी जोरात बोलायला लागली की बोर्ड अर्धेअधिक स्पाइक गाळतो, आणि ती शांत झाल्यावरही थोडा वेळ मुका राहतो.

आणि इनपुटला निव्वळ शून्य दिलं तरी फिल्टरमधून ±३ एलएसबीची (एलएसबी म्हणजे आकड्याची सगळ्यात छोटी पायरी) थरथर बाहेर येते.

मला वाटतंय की सगळा दोष फिक्स्ड पॉइंटचा आहे. गाइड म्हणतात, "बिट वाढव." वाढवले. थरथर कमी झाली, पण दुप्पट मोजणी जशीच्या तशी. पाणी कुठे मुरतंय?

फिल्टरकाका

वयाने तू म्हणतो, चालेल ना.

दोन गोष्टी सांग. एक, पायथनमध्ये फिल्टरसाठी नक्की कुठलं फंक्शन वापरलंस? "तोच फिल्टर" हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतोय आणि तो बहुतेक वेळा तोच नसतो. दोन, चॅनल ४१वरच्या लागोपाठच्या स्पाइकांमधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढ, ० ते ५ मिलिसेकंद, ०.१च्या पायऱ्यांनी. संगणकाचा आणि बोर्डाचा, दोन्ही.

थरथर बाजूला ठेव. ती आहे, पण मुख्य चोर ती नाही.

सहज_वाचक

विषयातलं कळत नाही, पण एक बाळबोध शंका. या चिपा विचार वाचतात का?

मुकं_मांजर

नाही हो. माणूस हात हलवायचा किंवा बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा मोटर कॉर्टेक्समध्ये जी धांदल उडते ती मोजतात. २००४ साली ब्रेनगेटच्या चाचणीत हातपाय न हलवता येणाऱ्या माणसाने असाच कर्सर हलवला. २०२१मध्ये मनात अक्षरं गिरवून मिनिटाला ९० अक्षरं, २०२३मध्ये बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द इथवर मजल गेली. न्यूरालिंकने जानेवारी २०२४मध्ये पहिल्या माणसात बसवली त्या चिपला १०२४ इलेक्ट्रोड आहेत, म्हणजे धागाकर्तीचं डेटाचं दुखणं तिथे दहापट. स्पाइक ओळखायचं काम चिपवरच उरकणं हा तिथे हौसेचा मामला नाही.

विचारबिचार राहू दे, धाग्यावर परत येऊ.

अर्धाकोन

काका, फंक्शन फिल्टफिल्ट आहे. 🙈 लिहिताना हात थरथरला.

हिस्टोग्राम काढले. संगणकावरच्यात पहिले दोन मिलिसेकंद जवळजवळ रिकामे, मग हळूहळू चढ. बोर्डावरच्यात ०.९ मिलिसेकंदापाशी ताडासारखा एक खांब, उरलेलं सगळं संगणकासारखंच.

फिल्टरकाका

सापडला.

आधी तो खांब. चेतापेशी एकदा फायर झाली की पुढचा साधारण एक मिलिसेकंद तिला पुन्हा फायर होता येत नाही. म्हणजे ०.९ला इतके "स्पाइक" एकाच पेशीचे असणं शक्य नाही, आणि दुसरी पेशी इतकी शिस्तीत पहिलीच्या मागे ०.९वर चालणार नाही. तुझा बोर्ड एकच स्पाइक दोनदा मोजतोय.

का? फिल्टफिल्ट सिग्नल एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे गाळतं. त्यामुळे वेळेचा सरकाव शून्य होतो, पण त्यासाठी त्याला पुढचा सिग्नल आधीच हाताशी लागतो. संगणकावर फाइल पडलेली असते, म्हणून जमतं. चिपला पुढचा नमुना अजून घडलेलाच नसतो. तिथे फिल्टर एकाच दिशेने चालणार.

आता ३०० हर्ट्झच्या हाय-पासचं (फिल्टरचा त्याखालच्या कंप्रता अडवणारा भाग) वळण बघ. खाली खाच गेली की तो तिची भरपाई म्हणून सिग्नल वर उसळवतो, आणि ही उसळी अर्धा-एक मिलिसेकंद रेंगाळते. फिल्टफिल्टमध्ये ती भरपाई खाचेच्या अलीकडे आणि पलीकडे वाटली जाते, म्हणून दोन्ही बाजूंना बुटकी राहते. एकाच दिशेच्या फिल्टरमध्ये सगळी पलीकडे जमते. त्यात स्पाइकची स्वतःची शेपूटही वरच जाते. दणकट पेशीची उसळी सहज थ्रेशोल्ड ओलांडते, तू वरची बाजूही तपासतेस, आणि अर्ध्या मिलिसेकंदाने तुझे डोळे उघडलेले असतात. झाले दोन स्पाइक. छोट्या पेशींची उसळी थ्रेशोल्डला पोचत नाही, म्हणून हे फक्त ४१वर दिसतं. बिट कितीही वाढवलेस तरी हे जाणार नव्हतं.

उपाय: फक्त खालची बाजू तपास आणि डोळे मिटण्याचा काळ एक मिलिसेकंद कर. खालच्या बाजूने न दिसणाऱ्या पेशी असतात, पण थोड्या. तेवढं नुकसान सोसायचं.

कुणी म्हणेल लिनिअर फेज एफआयआर (सगळ्या कंप्रतांना सारखाच उशीर करणारा फिल्टर) लाव, आकार बिघडणार नाही. ३०० हर्ट्झला धारदार कापायचं तर सुमारे ५०० टॅप (दर नमुन्याला तेवढे गुणाकार) लागतील. उशीर ८ मिलिसेकंदांचा, तो एक वेळ चालेल. पण ९६ चॅनलना सेकंदाला १४४ कोटी गुणाकार. टॅपांच्या समरूपतेचा फायदा घेऊन निम्मे केलेस तरी ती चिप राहत नाही, शेगडी होते.

थरथरीबद्दल: सबंध बँड-पास एकाच लांबलचक समीकरणात लिहिला असशील तर बायक्वाडमध्ये (एकामागून एक जोडलेले छोटे फिल्टर) तोड, आतली स्थिती ३२ बिटांत ठेव आणि छाटणी शेवटी एकदाच कर.

मुकं_मांजर

काकांनी ४१ सोडवला, मी ७ घेते.

आरएमएसमध्ये स्पाइक स्वतःच मोजले जातात. समजा गोंगाट ८ मायक्रोव्होल्ट आहे आणि पेशी भरात असताना दहा टक्के वेळ स्पाइकांनी व्यापला, तेवढ्या वेळातलं आरएमएस ५०. आता एकत्र आरएमएस काढा: ८चे साडेसतरा होतात. थ्रेशोल्ड ३६वरून ७९वर. पेशी जितकी जास्त बोलेल तितके तुम्ही तिच्यासाठी कान बंद करताय, आणि चालती सरासरी खाली यायला वेळ घेते म्हणून नंतरही बहिऱ्या राहताय. याच उदाहरणात मध्यक जेमतेम १३ टक्क्यांनी सरकतो. ते सूत्र मध्यकावर बांधलंय ते उगाच नाही.

आणि मध्यकाला सॉर्टिंग लागतंच असं कुणी सांगितलं? एक रजिस्टर घ्या, म. नवा नमुना आला, त्याचं निरपेक्ष मूल्य म-पेक्षा मोठं असेल तर म एका छोट्या पायरीने वाढवा, नाहीतर तेवढ्याच पायरीने कमी करा. बस. अर्धे नमुने वर आणि अर्धे खाली झाले की म जागेवर डुलत राहतो, आणि तोच मध्यक. एक तुलना, एक बेरीज. पायरी १/६४ एलएसबी ठेवलीत तर म जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे ४७० एलएसबी सरकू शकतो, तेवढा वेग पुष्कळ झाला. फक्त म-ला अपूर्णांकाचे सहा बिट जास्तीचे द्या.

गुणाकारही टळतो. ४ भागिले ०.६७४५ म्हणजे ५.९३. सरळ ६ धरा. सहापट म्हणजे चौपट अधिक दुप्पट: दोन शिफ्ट, एक बेरीज. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा दिवसभर खुशीत होते, असो.

रेतीघड्याळ

दोन काड्या टाकतो.

२० मिलिसेकंदांचा डबा आणि एक मिलिसेकंदाची झापड म्हणजे एका डब्यात २०पर्यंत स्पाइक मावतात. ४ बिटांत १५च्या पुढे मोजता येत नाही. ५ बिट घ्या (२४ किलोबिट, काही बिघडत नाही), किंवा १५वर अडवून ठेवा. पण काउंटर १५वरून शून्यावर उलटू देऊ नका, नाहीतर सगळ्यात गजबजलेला क्षण सगळ्यात शांत दिसेल.

दुसरी काडी जरा टोचेल. संगणकाचा निकाल "बरोबर" आणि बोर्डाचा "चूक" हे कशावरून? खऱ्या नोंदीत पेशी नक्की कधी फायर झाली हे संगणकालाही ठाऊक नाही. तुम्ही एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी तुलना करताय. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. गोंगाटाच्या नोंदीत स्वतः स्पाइक पेरा, वेळा लिहून ठेवा, मग किती सापडले आणि किती खोटे निघाले ते मोजा. किंवा पेशीच्या आतून आणि बाहेरून एकाच वेळी केलेल्या नोंदी वापरा. बुझाकी यांच्या प्रयोगशाळेच्या हिप्पोकॅम्पसमधल्या तशा नोंदी खुल्या आहेत.

अर्धाकोन

काल रात्री सगळं करून बसले.

फक्त खालची बाजू, एक मिलिसेकंदाची झापड: ४१वरचा खांब साफ गेला. डुलणारा मध्यक लावल्यावर ७ बोलायला लागला. थोडी गळती उरलीय, पण ती फार छोट्या स्पाइकांची, आणि ते संगणकालाही कधी दिसतात कधी नाही. बायक्वाड केल्यावर थरथर एका एलएसबीवर आली.

रेतीघड्याळ यांच्या सांगण्यावरून स्पाइक पेरले. आणि गंमत म्हणजे पेरलेल्यांवर माझा पायथनचा कोड काही ठिकाणी बोर्डापेक्षा वाईट निघाला, कारण तिथे मी सबंध फाइलचा एकच मध्यक धरला होता आणि माझ्या फाइलमध्ये गोंगाट मध्येच वाढतो. 😀

एक शेवटचं. अधूनमधून सगळ्या ९६ चॅनलवर एकदम स्पाइकांचा पाऊस पडतो, पाव-अर्धा सेकंद. आणि गाइड म्हणतात की एका सुईवर दोन पेशी असतील तर त्या वेगळ्या करायला हव्यात. हेही चिपवरच करायचं का?

रेतीघड्याळ

पाऊस म्हणजे पेशी नव्हेत. माकड काहीतरी चावतंय किंवा वायर हलतेय. ९६ वेगवेगळ्या सुयांवर एकाच नमुन्याला स्पाइक येत नसतात. प्रत्येक नमुन्याला सगळ्या चॅनलची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा करा, बरंचसं धुतलं जाईल. त्याआधी मेलेले चॅनल वगळा, नाहीतर एकाची घाण सगळ्यांना लागेल. आणि तरीही एका मिलिसेकंदात निम्म्याहून जास्त चॅनल पेटले तर तो डबा "बाद" अशी खूण करून पाठवा. शून्य पाठवू नका.

फिल्टरकाका

पेशी वेगळ्या करायच्या भानगडीत पडू नकोस, निदान या प्रकल्पात. एकेका पेशीचा स्वभाव अभ्यासायचा असेल तर ते लागतं. पण हाताची हालचाल ओळखायला सुईवरचे सगळे स्पाइक एकत्र मोजले तरी पेशीसमूहाचं चित्र फारसं बदलत नाही, असं २०१९मध्ये माकडांच्या मोटर कॉर्टेक्सवरच दाखवलं गेलंय. गाइडना तो पेपर दे.

आणि बोर्डाचा पायथन नमुना एकाच दिशेच्या फिल्टरने पुन्हा लिहून ठेव, बिटागणिक जुळणारा. पुढच्या वेळी काही बिनसलं तर निदान दोन सारख्या गोष्टींची तुलना होईल.

अर्धाकोन

लिहायला घेतला. फिल्टफिल्टची ओळ पुसली नाही, कॉमेंट करून ठेवलीय.